धुरांडे आहे, बॉयलर आहे, पण ही गाडी चालत नाही: जपानी वाफेच्या रोटरीचे मॉडेल समजून घेताना

टेबलावर ठेवलेले हे मॉडेल ‘रोटरी’चे, म्हणजे फिरत्या चाकाने रुळांवरचा बर्फ कापून दूर फेकणाऱ्या रेल्वेगाडीचे आहे, साधारण दीड वितीचे. पुढच्या टोकाला चौकोनी तोंडाचे मोठे नसराळे आहे आणि त्याच्या आत पात्यांचे एक चाक बसवलेले आहे. मागे खिडक्या असलेला काळा डबा आहे, डब्याच्या छतातून धुरांडे वर आले आहे आणि शेवटी कोळशापाण्याचा टेंडर जोडलेला आहे. पाहणारा बहुतेक वेळा याला इंजिन समजतो, आणि त्याची चूकही म्हणता येत नाही, कारण आत खरोखरच बॉयलर, सिलिंडर आणि दट्टे आहेत. मग तो खाली वाकून चाकांकडे पाहतो. तिथे ना जोडदांडा आहे ना मोठी चाके, मालडब्याला असतात तशी साधी छोटी चाके आहेत. म्हणजे आत वाफ तयार होते, पण ती गाडीला तसूभरही पुढे नेत नाही. ती सगळी वाफ पुढचे ते एकच चाक फिरवण्यासाठी खर्च होते, आणि गाडीला ढकलायला मागे दुसरे इंजिन लावावे लागते.

जपानच्या सरकारी रेल्वेने या गाडीची नोंदही त्याच न्यायाने केली होती. बॉयलर असूनही ती इंजिनांच्या यादीत नव्हती, मालडब्यांच्या यादीत होती. तिच्या वर्गाचे नाव ‘कि ६००’. यातले ‘कि’ म्हणजे ‘युकि’ या शब्दाचा शेवट, आणि युकि म्हणजे बर्फ. आधी संकेताक्षर ‘युकि’ असेच होते, १९२८ च्या नव्या क्रमांक-पद्धतीत त्याचे नुसते ‘कि’ झाले. ही गाडी मॉडेलच्या रूपात बनवायला घेणाऱ्याने एवढी एक गोष्ट मनात पक्की केली की पुढच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो: यात दोन वेगवेगळ्या गती आहेत, एक गाडीची आणि एक चाकाची, आणि त्या दोहोंचा एकमेकींशी यांत्रिक संबंध नाही.

अशा यंत्राची गरज का पडली, हे कळण्यासाठी जपानचा हिवाळा पाहावा लागतो. हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडा, अतिथंड वारा सुटतो आणि जपानच्या समुद्रावरून येतो. या समुद्रात दक्षिणेकडून येणारा त्सुशिमा हा उबदार प्रवाह असल्यामुळे वारा वाटेत भरपूर बाष्प उचलतो, होन्शू बेटाच्या कण्यासारख्या डोंगररांगेवर आदळून वर चढतो आणि डोंगराच्या अलीकडेच सगळे ओझे टाकतो. आपल्याकडे सह्याद्री नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना अडवतो आणि कोकणात पाऊस कोसळतो, त्याच धर्तीची ही घटना आहे, फक्त पावसाच्या जागी बर्फ पडतो. डोंगरापलीकडचे तोक्यो या वेळी निरभ्र उन्हात असते, जसे सातारा-फलटणकडे जाताना पाऊस हात आखडता घेतो. इबुकी पर्वतावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजी ११.८२ मीटर खोलीचा बर्फ मोजला गेला. ईयामा मार्गावरच्या मोरिमियानोहारा स्थानकात १२ फेब्रुवारी १९४५ रोजी ७.८५ मीटर बर्फ साचला होता, आणि ती उंची दाखवणारा खांब आजही तिथे उभा आहे. दुमजली घराच्या छपरापर्यंत पोचणारी ही उंची आहे. आणि ते स्थानक आहे, शिखर नव्हे.

या बर्फाचा जाच केवळ गैरसोयीपुरता नव्हता. ३ फेब्रुवारी १९२२ रोजी होकुरिकू मार्गावर ओयाशिराझु आणि ओमी यांच्या दरम्यान एका गाडीवर हिमकडा कोसळला आणि सुमारे ९० माणसे गेली. त्यांतले बहुतेक जण रुळांवरचा बर्फ उपसून परतणारे मजूर होते. त्या काळी बर्फ काढण्याचे मुख्य साधन माणूस आणि फावडे हेच होते. पुढेही, यंत्रे आल्यानंतरसुद्धा, १९६३ च्या जानेवारीत निईगाताहून निघालेली एक एक्स्प्रेस तोक्योच्या उएनो स्थानकात पोचायला शंभर तासांहून अधिक वेळ लागला होता.

बर्फ हटवण्याची साधी यांत्रिक रीत म्हणजे नांगर. होडीच्या नाळेसारखे किंवा तिरक्या फाळासारखे पुढचे तोंड असलेला डबा इंजिनाने वेगात ढकलायचा आणि बर्फ बाजूला लोटायचा. जपानीत अशा गाडीला ‘रास्सेरु’ म्हणतात. रसेल नावाच्या अमेरिकी बनावटीवरून हे नाव पडले. बर्फ हलका आणि फूट-दीड फूट असेल तोवर हे उत्तम चालते. पण नांगर बर्फ नाहीसा करत नाही, तो फक्त सरकवतो. दर फेरीला रुळांच्या दोन्ही बाजूंना भिंती वाढत जातात, आणि एक दिवस असा येतो की सरकवायला जागाच उरत नाही. नांगर त्या भिंतींमध्ये दाबलेल्या बर्फावर चढतो, रुळावरून उतरतो किंवा अडकून बसतो. बर्फ उचलून लांब फेकला पाहिजे, ही कल्पना इथून निघते.

ती कल्पना ज्याच्या नावावर आहे तो माणूस रेल्वेचा नव्हताच. जे. डब्ल्यू. इलियट हा टोरंटोचा दंतवैद्य होता आणि १८६९ मध्ये त्याने फिरत्या चाकाने बर्फ कापणाऱ्या यंत्राचा आराखडा मांडला. दातावर चालणाऱ्या फिरत्या हत्याराचा या कल्पनेशी संबंध असावा, असे मनात आल्याशिवाय राहत नाही, पण तो माझा तर्क झाला. कॅनडातल्याच ऑरेंजव्हिलच्या ऑरेंज जल याने १८८० च्या दशकात ही कल्पना पुढे नेली, तिथल्या लेस्ली बंधूंनी प्रत्यक्ष गाडी बांधली, आणि पुढे अमेरिकेतल्या पॅटरसन गावच्या कुक कारखान्यात अशा गाड्या नियमित बनू लागल्या. १९०१ मध्ये कुक कारखाना ‘अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी’त, म्हणजे ‘अल्को’त, विलीन झाला. जपानने १९२३ मध्ये रोटरी मागवली ती याच अल्कोकडून, आणि नंतर त्या धर्तीच्या गाड्या जपानमध्येही बांधल्या गेल्या. म्हणून या मॉडेलचा चेहरा जपानीपेक्षा अमेरिकी अधिक वाटतो.

आता चाकाकडे येऊ, कारण समजून घेण्यासारखे खरे तेच आहे. पंखा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हवा ढकलणारी सपाट पाती येतात. हे चाक तसे नाही. लेस्ली पद्धतीच्या चाकात मध्यापासून कडेकडे पसरलेले, शंकूच्या आकाराचे पोकळ पन्हळ असतात, साधारण दहाएक, आणि प्रत्येक पन्हळाचे तोंड पुढच्या बाजूला उभे उघडे असते. त्या तोंडाच्या दोन्ही कडांना बिजागरीवर बसवलेली सुऱ्यांसारखी पाती असतात. चाक फिरते तेव्हा पाते बर्फाचा थर तासून काढते, जशी खवणी खोबरे खवते, आणि तासलेला बर्फ पन्हळात शिरतो. चाक जोरात फिरत असल्यामुळे आत शिरलेला बर्फ कडेकडे फेकला जातो. गोल आवरणामुळे त्याला बाहेर पडायला एकच वाट असते, वरच्या बाजूचे धुराड्यासारखे तोंड, आणि त्यातून त्याचा फवारा रुळांपासून दूर जाऊन पडतो.

यातली बिजागरी ही मोठी खुबीची गोष्ट आहे. बर्फ कधी डावीकडे फेकायचा असतो, कधी उजवीकडे, कारण एका बाजूला दरी असेल तर दुसऱ्या बाजूला घरे, तारांचे खांब किंवा दुसरा रूळ असतो. नुसते वरचे तोंड फिरवून चालत नाही, चाकही उलट दिशेला फिरवावे लागते. मग पात्यांची धार उलटी होणार. त्यावर उपाय असा की पाती बिजागरीवर मोकळी ठेवली, आणि चाक ज्या दिशेला फिरेल त्या दिशेच्या पात्यांना बर्फाचा रेटा आपोआप कापण्याच्या बैठकीत आणतो. ना तरफ लागते ना माणूस.

या चाकाला किती जोर लागतो, याचा हिशेब मांडून पाहिला की वेगळ्या बॉयलरचे कारण स्वच्छ होते. समजा, ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच बर्फ कापत गाडी ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या झपाझप चालीने, पुढे जाते आहे. तासाला ३०,००० घनमीटर बर्फ समोर येतो. नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, बसलेला ओला बर्फ त्याच्या कितीतरी पट. मध्यम २०० किलो धरले तरी तासाला ६,००० टन, म्हणजे सेकंदाला सुमारे १.७ टन होतात. दर सेकंदाला एक मोटारगाडी उचलून भिरकावून द्यायची, असे हे काम आहे. ३ मीटर व्यासाचे चाक मिनिटाला १५० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २३.५ मीटर होतो, आणि एवढ्या बर्फाला तो वेग द्यायला घर्षण व कापणी सोडूनच ४६० किलोवॉट, म्हणजे ६०० अश्वशक्तीच्या वर ताकद लागते. ही ताकद ढकलणाऱ्या इंजिनाच्या चाकांपासून घेता येत नाही, कारण ते त्या वेळी अत्यंत हळू चालत असते. आणि बर्फ जितका दाट, तितके त्याला अधिक हळू चालावे लागते, पण चाकाला मात्र तितक्याच जोमाने फिरावे लागते. गती कमी तेव्हा ताकद जास्त, हा उलटा व्यवहार सांभाळायचा तर चाकाला स्वतःचा बॉयलर आणि स्वतःचे सिलिंडर हवेतच.

याचा परिणाम माणसांवरही होतो. ढकलणाऱ्या इंजिनाचा चालक पुढचे काहीच पाहू शकत नाही, त्याच्यासमोर रोटरीचा डबा, धूर आणि उडणारा बर्फ असतो. चाक फिरवणाऱ्यालाही स्वतः पुढे जाता किंवा थांबता येत नाही. या दोघांमधले बोलणे शिट्ट्यांनी चालते: पुढे, सावकाश, थांब, मागे घे. चाकाचा आवाज जड झाला, फेरे मंदावले, की मागच्याला ताबडतोब थांबवले पाहिजे, नाहीतर चाक बर्फात गच्च बसते. हिमकडा कोसळलेल्या जागी तर आणखी सावधगिरी लागते, कारण त्या बर्फात दगड आणि झाडांचे ओंडके असतात, आणि एक ओंडका सगळी पाती मोडू शकतो.

जपानी रेल्वेने या गाडीचा जो वापर केला तो मला सर्वांत रंजक वाटतो, आणि मॉडेल करणाऱ्यांनाही त्याचेच वेड असते. त्या गाडीच्या रचनेला ‘किमारोकि’ म्हणतात. हा शब्द चार आद्याक्षरांचा आहे: ‘किकान्शा’ म्हणजे इंजिन, मग मॅक्रे गाडी, मग रोटरी आणि पुन्हा ‘किकान्शा’. यातला ‘कि’ इंजिनाचा आहे, ‘कि ६००’ मधला बर्फाचा ‘कि’ निराळा, हे ध्यानात ठेवावे, नाहीतर घोटाळा होतो. मॅक्रे गाडीला दोन्ही बाजूंना उघडणारे मोठे पंख असतात. पुढचे इंजिन तिला ओढत नेते आणि तिचे पंख दोन्हीकडच्या बर्फाच्या भिंती खरवडून तो बर्फ आत, रुळांवर ओढतात. रूळ मोकळा करायला निघालेली गाडी आधी रुळावर बर्फ टाकते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. पण लगेच मागून दुसरी जोडी येते, रोटरी आणि तिला ढकलणारे इंजिन, आणि तो गोळा झालेला बर्फ उचलून भिंतींपलीकडे फेकून देते. रुळाची वाट पुन्हा रुंद होते आणि साध्या नांगराला पुढचे काही दिवस सरकवायला जागा मिळते. म्हणजे किमारोकि रोज धावणारी गाडी नव्हे, नांगराचे काम जिथे संपते तिथे ती सुरू होते. पुढच्या जोडीने फार पुढे जाऊन चालत नाही आणि मागच्या जोडीने फार मागे राहून चालत नाही, कारण मध्ये ओढून ठेवलेला बर्फ घट्ट बसत जातो.

आता ही गाडी लहान करायची म्हणजे काय, ते पाहू. कोथरूडमधले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रूळ, सिग्नल आणि गाड्या एकाच मापात लहान केल्या की डोळा कसा फसतो ते ठाऊक आहे. जपानी गाड्यांच्या बाबतीत मात्र या ‘एकाच मापा’तच गोम आहे. जपानचा जुना रेल्वेमार्ग १,०६७ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे आपल्या मीटर गेजपेक्षा किंचित रुंद आणि जगातल्या प्रमाणित १,४३५ मिलिमीटरपेक्षा बराच अरुंद आहे. छोट्या रेल्वेचे जगभर मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे, ते १,४३५ ला ८७ ने भागून आले आहेत. जपानी छंदिष्टांनी रूळ तेच ठेवले आणि गाड्या १:८० मापाने बनवल्या, कारण १:८७ ने जपानी गाडी फारच इवलीशी होते आणि आत मोटर बसवणे अवघड जाते. त्याहून लहान अशा ९ मिलिमीटरच्या रुळांवर ते १:१५० माप वापरतात. गणित करून पाहा: १६.५ गुणिले ८० म्हणजे १,३२०. मॉडेलचा रूळ खऱ्या रुळापेक्षा जवळजवळ पाव पटीने रुंद होतो. ज्यांना हे खुपते ते १३ मिलिमीटरचे रूळ घेतात, किंवा १:८७ आणि १२ मिलिमीटर अशी जोडी घेतात, पण मग बाजारातले तयार रूळ विसरावे लागतात. या वादात पडणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. रोटरीपुरते बोलायचे तर तिचे पुढचे आवरण रुळांच्या जवळपर्यंत खाली येते आणि चाके झाकून टाकते, त्यामुळे इतर इंजिनांच्या तोंडावर दिसणारे फेंगडेपण इथे समोरून दिसतच नाही. मी १६.५ वर समाधानी आहे.

खरी परीक्षा पुढच्या चाकाची आहे. सोपा आणि स्वस्त मार्ग असा की डब्याच्या एका आसाला दाते बसवावेत, तिथून दांडा पुढे न्यावा आणि गाडी ढकलली की चाक फिरावे. मुलांना हे फार आवडते. पण हिशेब करा. मालडब्याचे चाक ८६० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे परीघ सुमारे २.७ मीटर. ताशी ५ किलोमीटरला ते मिनिटाला जेमतेम ३१ फेरे घेते. एकास एक जोडणी असेल तर बर्फ कापताना रोटरीचे चाक ३१ फेऱ्यांनी रेंगाळेल, आणि काम संपवून गाडी ताशी ५० किलोमीटरने परत निघाली, म्हणजे खरे चाक जेव्हा थांबलेले असायला हवे तेव्हा, ते ३१० फेऱ्यांनी गरगरेल. खऱ्या गाडीच्या वागण्याच्या बरोबर उलट. म्हणून चाकाला स्वतंत्र मोटर हवी. तेवढ्यानेही भागत नाही. जुन्या साध्या पद्धतीत रुळांतून येणारा विजेचा दाब कमीजास्त करूनच गाडीचा वेग ठरवतात, तेव्हा ढकलणारे इंजिन हळू करावे तर त्याच रुळांवरून वीज घेणारी चाकाची मोटरही मंदावते. अंकीय नियंत्रणात, ज्याला सगळे डीसीसी म्हणतात, रुळांत वीज कायम पूर्ण असते आणि प्रत्येक गाडीतला छोटा डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाची आज्ञा ऐकतो. रोटरीला एक क्रमांक आणि ढकलणाऱ्या इंजिनाला दुसरा दिला, की दोन माणसे दोन हँडल हातात घेऊन उभी राहू शकतात: एक चाक सांभाळणारा, एक ढकलणारा. मग ‘अरे थांब, थांब’ असे ओरडावेच लागते, आणि शिट्ट्यांची गरज का होती ते आपोआप कळते.

हे जमले की प्रत्येकाच्या मनात येते: मग हिला खरोखर काहीतरी फेकू द्यावे. मीही तो उद्योग करून पाहिला आहे. लोखंड लहान होते, पण गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, ही अडचण तिथे येते. १:८० मापात ३ मीटरचे चाक ३७.५ मिलिमीटरचे झाले. ते मिनिटाला १५० फेऱ्यांनी फिरवले तर कडेचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरही होत नाही, आणि त्या वेगाने उडालेला कण पाच मिलिमीटरसुद्धा वर चढत नाही, आवरणाच्या आतच परत पडतो. फवारा मापात दिसावा असे वाटत असेल तर वेग ८० ने नव्हे, ८० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ९ ने, लहान करावा लागतो, आणि त्यासाठी इवल्या चाकाला मिनिटाला १,३४० च्या आसपास फेरे द्यावे लागतात. एवढे करूनही हवा आडवी येतेच. बारीक भुकटी हवेत लगेच थांबते आणि ढगासारखी खाली बसते, मोठे कण लांब जातात, पण ते बर्फासारखे न दिसता गारांसारखे दिसतात. शिवाय जी काही भुकटी उडेल ती इंजिनाच्या दात्यांत शिरते. तेव्हा चाक फिरताना दाखवावे आणि फवारा कापसाच्या विरळ तंतूंचा करून तोंडाशी चिकटवावा, हे माझे आताचे मत आहे.

वजनाची गंमतही अशीच. लांबी ८० पटीने कमी होते तेव्हा घनफळ ८० गुणिले ८० गुणिले ८०, म्हणजे ५,१२,००० पटीने कमी होते. ४० टनांचा डबा मापाने ७८ ग्रॅमचा हवा. पितळी मॉडेल बहुधा याहून जड भरते, आणि इथे ते पथ्यावर पडते, कारण हलका डबा मागून ढकलला की वळणावर रुळावरून उतरतो.

पितळी संचातून मॉडेल बांधणे हा वेगळाच आनंद आहे. आम्लाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्यावर सगळे भाग एकमेकांना धरून असतात. घडीच्या जागी पत्रा निम्म्या जाडीपर्यंत कोरलेला असतो, ती रेघ आतल्या बाजूला ठेवून दुमडायचे, ही पहिली शिकवण. चाकाचे पन्हळ एकेक करून शंकूत वळवायचे, मग त्यांना मध्यावर उभे करून डाख द्यायचा. पहिला पन्हळ नीट बसतो, चौथ्याला डाख देताना पहिल्याचा वितळतो. ओले कापडाचे बोळे आजूबाजूला दाबून ठेवले की उष्णता पसरत नाही. डाख देण्यासाठी लावलेले आम्लयुक्त द्रव्य राहून गेले तर पितळ महिन्याभरात कळंकते, म्हणून काम संपले की लगेच सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या दातघाशीने घासून धुवावे. माझ्या पहिल्या चाकावर हिरवे डाग आहेत, ते काळ्या रंगाखाली झाकलेले आहेत.

बर्फासाठी खायचा सोडा वापरावा असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. आपल्या हवेत तो वापरू नये. पावसाळ्यात तो ओल धरतो, त्याचे पापुद्रे होतात आणि रूळ खराब होतात. शिरगोळ्याची पांढरी रांगोळी पुष्कळ बरी, तिला उन्हात बर्फासारखी चमकही असते. पण बाजारातल्या रांगोळीचा दाणा ०.२ मिलिमीटरचा धरला तरी १:८० मापात तो १६ मिलिमीटरचा, म्हणजे बोराएवढा होतो. ती वस्त्रगाळ करून घ्यावी. कापलेल्या बर्फाच्या भिंतीवर थरांच्या आडव्या रेघा असतात, दर वादळाचा एक थर, आणि दोन थरांमध्ये धुराच्या काजळीची फिकट रेघ. वाफेच्या काळातला बर्फ पांढराशुभ्र नव्हता. तेवढ्या करड्या रेघा ओढल्या की मॉडेल एकदम जुन्या काळात जाऊन बसते.

१९६० पासून जपानी रेल्वेत डीडी १४ ही डिझेलवर चालणारी रोटरी आली, १९६५ मध्ये तिच्याहून ताकदवान डीडी ५३ आली, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर वाफेचीच सद्दी संपली. ज्यांना मॉडेलसाठी मूळ वस्तूवरून मापे आणि छायाचित्रे घ्यायची आहेत, त्यांच्यासाठी होक्काइदो बेटावर दोन जागा आहेत. ओतारू शहराच्या संग्रहालयात अल्कोने १९२३ मध्ये बनवलेली ‘कि ६०१’ जपून ठेवली आहे. आणि नायोरो गावात अख्खी किमारोकि रांगेत उभी आहे: ५९६०१ क्रमांकाचे इंजिन, मॅक्रे ‘कि ९११’, रोटरी ‘कि ६०४’, डी ५१ वर्गाचे ३९८ क्रमांकाचे इंजिन आणि शेवटी गार्डचा डबा. नायोरोला मात्र उन्हाळ्यातच जावे. हिवाळ्यात ती पाचही वाहने बर्फाने खराब होऊ नयेत म्हणून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असतात.